बहुमत झालं, पण बरोबर कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

तत्त्वज्ञान म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. सोयाबीनचा भाव पडला असताना सॉक्रेटिस काय कामाचा? पण धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आठवा. धुरा कुठून जातो ते मोजणीवाला दाखवेल. बापजाद्यांपासून वहिवाटलेला पट्टा कागदावर शेजाऱ्याचा निघाला, तर न्यायानं तो कोणाचा? हे त्याच्या यंत्रात येत नाही. तिथं विचारच करावा लागतो.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. तिथं ग्रामसभेत हात मोजत नाहीत, सर्वसहमतीनं ठरवतात. एखाद्याचं मन वळलं नाही, तर विषय पुढच्या सभेत. एकावन्न जण 'हो' म्हणाले म्हणून उरलेले एकोणपन्नास चुकीचे ठरतात का? या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. मेंढ्यानं आपलं उत्तर वागण्यात आणलं.

त्याहून मला आवडतो तो त्यांचा अभ्यासगट. तिथं निर्णय घ्यायचाच नाही, नुसतं समजून घ्यायचं. बाहेरचा जाणकारही येऊन बोलू शकतो; ठरवायचं मात्र गावानं, ग्रामसभेत. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. ठराव समोर असला की माणूस ऐकत नाही, जिंकायला बघतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कोणाचं, सरकारचं की राखणाऱ्याचं, यावर गावात त्याच्या कितीतरी आधीपासून बोलणं चालू होतं.

सर्वसहमतीत खोटही आहे. हट्टी माणूस काम अडवून धरतो. आणि थोरल्यांपुढं सून गप्प बसली, तर तिची सहमती धरायची का? मला तरी धरवत नाही.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा तर कीर्तनातच प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढायचे. कर्ज काढून सण का करायचा? देवापुढं बकरं का कापायचं? मान डोलावून भागत नसे, बोलावं लागे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी एका संध्याकाळी पारावर बसून बघा. विषय साधाच घ्या: उन्हाळ्यात गावच्या बोअरचं पाणी आधी कोणाला? जनावरं ज्याची जास्त त्याला, की ज्याच्या घरी विहीर नाही त्याला? बायकांना आधी बोलू द्या. आणि ठरावाची वही घरीच ठेवा. ती दिसली की कोणीतरी सही मागतोच.

नमस्कार.