शंभर वर्षांत दहा स्फोट

नमस्कार श्रोतेहो. आपल्या आकाशगंगेत तारा फुटल्याचं माणसानं नुसत्या डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते १६०४ साली. तेव्हा दुर्बिणीसुद्धा नव्हत्या. आणि तिकडे, सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका सर्पिल दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या ताऱ्यांच्या समूहात, १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तब्बल दहा अतिनवतारे, म्हणजे फुटणारे तारे, दिसले! यातल्या २००८ च्या स्फोटाबद्दल वाद आहे. पण तो वगळला तरी नऊ उरतातच.

एनजीसी ६९४६ असं तिचं रूक्ष नाव. विल्यम हर्शेलनं १७९८ मध्ये ती शोधली. हंस आणि वृषपर्वा या तारकासमूहांच्या सीमेवर ती आहे, पण मधे आपल्याच आकाशगंगेची धूळ येते, म्हणून अंधूक दिसते. आकारानं आपल्याहून लहान, पण वायू भरपूर आणि ताऱ्यांचे जन्म धडाक्यात. त्यातले वजनदार तारे इंधन उधळतात आणि तीसेक लाख ते काही कोटी वर्षांतच संपतात. सूर्याला मात्र हजार कोटी वर्षं मिळतात.

दहावा स्फोट पकडला तो एका हौशी निरीक्षकानं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या पॅट्रिक विगिन्स यांनी १४ मे २०१७ ला या दीर्घिकेचा फोटो घेतला, तर त्यात एक नवा ठिपका. दोनच दिवसांपूर्वीच्या फोटोत ती जागा कोरी होती. हबल अवकाश दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत मग फुटण्याआधीचा तो लाल महाराक्षसी ताराही सापडला.

मला मात्र जास्त कुतूहल आहे ते न फुटलेल्या ताऱ्याचं. ॲरिझोनातल्या दोन आरशांच्या मोठ्या दुर्बिणीतून एक पथक जवळच्या दीर्घिकांचे फोटो वर्षानुवर्षं ताडून पाहत होतं. त्यांना हवे होते गायब झालेले तारे. इथे एक मिळाला: सूर्याच्या सुमारे पंचवीस पट वस्तुमानाचा. २००९ मध्ये तो थोडा उजळला आणि २०१५ पर्यंत दृश्य प्रकाशात दिसेनासा झाला. स्फोटाविनाच कोसळून त्याचं कृष्णविवर झालं असावं, असा कयास बांधला गेला.

२०२३ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनी त्यात मेख मारली. त्या जागी धुळीत वेढलेलं काहीतरी अवरक्त किरणांत अजून दिसतंय. दोन तारे एकमेकांत मिसळले असतील, असंही काहींचं म्हणणं आहे. मधे तारा शिल्लक असेल, तर धूळ विरळ होईल तसा तो पुन्हा दिसू लागेल. नसेल, तर ही अवरक्त चमकही उतरत जाईल.