तू म्हणायला लागलेला वेळ

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात रोज रात्री जेवणं आटोपली की मी आणि माझी आई टीव्हीसमोर बसायचो आणि मी बोलायला लागायचे. आई ७८ वर्षांची. तिला इंग्रजी येत नाही, आणि पडद्याच्या तळाशी पळणारी बारीक अक्षरं तिला दिसतही नाहीत. मालिका कोरियन. म्हणून इंग्रजी ओळ मी वाचायची आणि लगेच मराठीत मोठ्याने सांगायची, असा आमचा शिरस्ता पडला.

पहिल्याच रात्री अडले. नायक नायिकेला काहीतरी म्हणाला आणि खाली अक्षरं आली, 'यू'. आता मराठीत काय म्हणू? तू, की तुम्ही? इंग्रजीला दोन्ही सारखंच. मी जरा थांबले, तर आई म्हणाली, "अगं, तो तिला अहो-जाहो करतोय की अरे-तुरे, तेवढं सांग. त्यावरून मला कळेल दोघांचं कुठवर आलंय."

त्या एका प्रश्नाने जुन्या कोरियन प्रेममालिकांचं दार माझ्यासाठी उघडलं. तोवर मी त्या बघत होते. त्या रात्रीपासून ऐकायला लागले.

कोरियन भाषा मला येत नाही. पण कान लावून ऐकलं की काही गोष्टी आपोआप पकडता येतात. वाक्याच्या शेवटी 'यो' आला की समजायचं, बोलण्यात आदर आहे, अंतर आहे. 'गोमावोयो' म्हणजे तुमचे आभार. 'गोमावो' म्हणजे नुसतं जवळच्या माणसाला म्हटलेलं, तुझे आभार. एवढासा 'यो', पण तो गळून पडायला कधी कधी आठ-आठ भाग जातात. आदर न लावता बोलण्याला तिकडे 'पानमल' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ अर्धं बोलणं. आणि दोन माणसांनी अहो-जाहो सोडून एकेरीवर यायचं ठरवलं की त्याला म्हणतात 'बोलणं खाली ठेवणं'. डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवावा, तसं. आपल्याकडे अहोचं ए कधी झालं हे घराघरांत लक्षात राहतं, पण त्या क्षणाला नाव मात्र आपण दिलं नाही. त्यांनी दिलंय.

आता 'विंटर सोनाटा'चं सांगते. २००२ सालच्या जानेवारी ते मार्चमध्ये केबीएस वाहिनीवर सोमवार-मंगळवारी लागलेली ही २० भागांची मालिका. दिग्दर्शक यून सोक-हो. नायक बे योंग-जून, नायिका चोई जी-वू. चुंचॉन नावाच्या गावातली शाळा, त्या शाळेत नव्याने आलेला, कोणाशी न बोलणारा जुन्सांग, आणि त्याच्याच वर्गातली यूजिन. दोघं एका वर्गातली, म्हणून बोलणं पहिल्यापासून एकेरी. ती त्याला हाक मारते, 'जुन्सांगा!'

आई एकदम सावरून बसली. "आपल्यासारखीच की गं हाक. रामचं रामा, माधवचं माधवा, तसं जुन्सांगचं जुन्सांगा." आणि खरंच तसं आहे. व्यंजनात संपणाऱ्या नावाला हाक मारताना कोरियनमध्येही 'आ' लागतो, आणि तो फक्त जवळच्या माणसाला. थोरामोठ्यांना किंवा परक्यांना नाही. बरोबरीच्या पण परक्या माणसाला नावापुढे 'शी' लावायचं, म्हणजे आपलं राव किंवा ताई म्हणा.

वर्षाच्या शेवटच्या रात्री तो तिला भेटायला निघतो आणि वाटेत गाडीखाली सापडतो. तो गेला, असंच सगळे धरून चालतात. १० वर्षांनी तिच्यासमोर हुबेहूब तोच चेहरा उभा राहतो. केस वेगळे, चष्मा, हसरा स्वभाव, नाव ली मिन्ह्योंग. आणि यूजिन त्याला म्हणते, 'मिन्ह्योंगशी'. अहो मिन्ह्योंग. चेहरा तोच, पण क्रियापदांना पुन्हा 'यो' लागलेला. जीव ज्याला 'जुन्सांगा' म्हणून साद घालायला धावतो, त्याला जीभ अहो-जाहो करते. अख्ख्या मालिकेचं दुःख त्या दोन हाकांच्या मधल्या फटीत आहे, आणि इंग्रजी अक्षरांत त्यातलं काहीही उतरत नाही. मी मराठीत सांगताना मात्र ते न सांगता उतरायचं. 'तुम्ही बसा' म्हणताना माझाच आवाज चोरटा व्हायचा.

स्मृती जाणं, मेलेला माणूस परत येणं, दवाखान्यात बाळांची अदलाबदल, या सगळ्याला पुष्कळ लोक नाकं मुरडतात. मीही मुरडायचे. मग 'ऑटम इन माय हार्ट' पाहिली. तीही यून सोक-हो यांचीच, २००० सालची, १६ भागांची. तान्ह्या मुलींच्या खाटेवरच्या नावांच्या चिठ्ठ्या एका लहान मुलाच्या हातून बदलतात आणि दोन घरांच्या दोन मुली उलट्या जातात. पुढे मोठेपणी तो मुलगा आणि एके काळची त्याची बहीण सोकचो नावाच्या बंदरगावात एकमेकांच्या इतक्या जवळून जातात, की हात लांब केला तर लागावा. तिथे खाडी ओलांडायला एक तराफा आहे. त्याला इंजिन नाही. दोन्ही काठांना बांधलेली लोखंडी तार असते, आकड्याने ती ओढत ओढत पलीकडे जायचं, बसलेल्या उतारूंनीही हात लावायचा.

तो तराफा ज्या वस्तीत लागतो तिचं नाव आबाई. उत्तर कोरियातल्या हामग्योंग प्रांताच्या बोलीत आबाई म्हणजे वडीलधारा माणूस. १९५० साली सुरू झालेल्या उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या युद्धात तिकडून पळून आलेली माणसं सोकचोच्या वाळूवर थांबली. आज ना उद्या परत जाऊ, म्हणून सीमेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहिली. परत जाणं झालं नाही.

आणि श्रोतेहो, इथे मला १९८३ सालची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षी ३० जूनला केबीएसने युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी एक थेट कार्यक्रम सुरू केला. ठरला होता दीडेक तासाचा. तो चालला १३८ दिवस. एकूण ४५३ तास. लोक वाहिनीच्या इमारतीसमोर पुठ्ठ्यावर नावं लिहून उभे राहिले. पडद्यावर एका गावातली बहीण, पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्या गावातला भाऊ. घरात तुला काय म्हणायचे? कपाळावर खोक होती का? आईचं नाव काय? आणि उत्तर जुळलं की दोन पिकली माणसं लहान मुलांसारखी हंबरडा फोडायची. १०,१८९ कुटुंबं अशी सापडली. त्या चित्रफिती युनेस्कोने २०१५ साली जागतिक स्मृतिठेव्यात घेतल्या.

हे वाचलं त्या दिवसापासून मी नाकं मुरडायचं सोडलं. ज्या देशाने आपलं माणूस चेहऱ्याने न ओळखता जुन्या हाकेवरून, अंगावरच्या खुणेवरून ओळखलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्या देशात 'हाच का तो?' हा प्रश्न २० भाग पुरतो, यात अतिशयोक्ती कसली? कोणी असं कारण लिहून ठेवलंय असं नाही, हा माझा कयास आहे. पण मला तो पटतो.

दुसरी गोष्ट सवड. तिथल्या केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्यांना चालू कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात घालायला २०२१पर्यंत बंदी होती. जाहिराती आधी किंवा नंतर. म्हणजे या जुन्या मालिकांचा तासाभराचा भाग सलग वाहायचा. दर दहा मिनिटांनी कोणाला तरी धक्का द्यायची, दार धाडकन उघडायची गरज नव्हती. म्हणून तिथे माणूस फोन उचलून नंबर लावतो, ठेवतो, परत उचलतो, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. 'विंटर सोनाटा'त नामी बेटावर उंच झाडांच्या दुतर्फा रांगांमधून जुन्सांग आणि यूजिन चालतात ती चाल पुरती संपेपर्यंत दिसते. मग मेजावर बर्फाच्या दोन चिमुकल्या बाहुल्या करतात आणि एकीचं तोंड दुसरीला टेकवतात. बस, एवढंच.

आणि मालिका संपते! आईला याचंच नवल. आपल्याकडच्या मालिका वर्षानुवर्षं पाहिलेली ती, विसाव्या भागानंतर मला म्हणाली, "संपली? उद्या काही नाही?" आठवड्याला दोन भाग, अडीच-तीन महिन्यांत सगळा संसार आवरून मंडळी निघून जातात. मागे रिकामं रिकामं वाटतं, आणि ते रिकामपणही मला हवंसं वाटतं.

आईची खरी लाडकी मात्र किम सामसून. 'माय लव्हली सामसून', २००५, एमबीसी. तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ, पॅरिसला जाऊन केक-पेस्ट्री शिकून आलेली सामसून. शेवटच्या भागाला तिकडे ५० टक्क्यांवर प्रेक्षक होते. ती घरातली तिसरी मुलगी, आणि नावातला 'साम' म्हणजे तीन. जुनाट, गावंढळ नाव म्हणून लोक हसतात, तिला ते बदलायचंय. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकोशी' नावाच्या मुलींची नावं समारंभ करून बदलली होती, ते तिला आठवलं. सामसून रात्री भल्यामोठ्या पातेल्यात भात, भाज्या आणि लाल तिखट कालवून तशीच चमच्याने खात बसते. "खाऊ दे गं तिला," आई पडद्याला म्हणायची. सामसूनचा मालक तिच्यापेक्षा वयाने लहान. तो मालक म्हणून वर, ती वयाने वर. आता कोणी कोणाला अरे-तुरे करायचं? मला भाषांतराला सगळ्यांत जड गेली ती हीच मालिका.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळचे नायक बाईचं मनगट धरून तिला फरफटत नेतात आणि मागे करुण संगीत वाजतं. ते तेव्हाही चूक होतं आणि आजही बघवत नाही. आई तर सरळ म्हणायची, "हात सोड आधी."

जपानमध्ये 'विंटर सोनाटा' २००३ साली एनएचकेच्या उपग्रह वाहिनीवर लागली आणि पुढच्या वर्षी मुख्य वाहिनीवर. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायका नायकाला बघायला हजारोंनी विमानतळावर गेल्या, नामी बेटावर गेल्या, कोरियन भाषेच्या वर्गात जाऊन बसल्या. त्यांची तेव्हा पुष्कळ टिंगल झाली. मला त्या बायकांबद्दल फार आपुलकी वाटते. त्यांना मालिका जपानीत करून मिळाली होती, तरी त्यांनी मूळ आवाजाची मागणी केली, आणि २००४च्या डिसेंबरात ती कोरियन आवाजांसह पुन्हा दाखवली गेली. त्यांनाही ती हाकच ऐकायची असणार. 'जुन्सांगा'.

पहिल्या भागात बसमधला एक प्रसंग आहे. शाळेला निघालेली यूजिन जुन्सांगच्या शेजारी बसते, तिला डुलकी लागते आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर येतं. तो हलत नाही. उतरायचं ठिकाण मागे जातं. उशीर झालेला, मग शाळेच्या भिंतीशी तो वाकतो आणि ती त्याच्यावर पाय देऊन भिंत चढते. मालिका संपल्यावर आठवड्याभराने आईने तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. मी सवयीने ओळी वाचायला लागले, तर म्हणाली, "तू नको बोलूस. नुसतं बघू."

बस संपली, भिंत आली. मी टीव्ही थांबवला. आई सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. १९६७ साली तिचं लग्न झालं. सांगलीला वाड्यात सासू, सासरे, दोन दीर. बाबा तिच्याशी सरळ कधी बोलत नसत. "चहा मिळेल का", "निघायचं का", "दार लावून घ्यावं", असंच सगळं. तूही नाही आणि तुम्हीही नाही. दोन महिने. मग दोघं पहिल्यांदाच एकटी तिच्या माहेरी निघाली, मिरजेच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. ती पिशव्या घेऊन उभी, गाडी लागली, कंडक्टरने घंटी मारली आणि बाबा गर्दीतून मागे वळून म्हणाले, "चल!"

"चला नाही म्हणाले," आई म्हणाली. "चल म्हणाले."