हसं आणि हसू

मंडळी, दोन वर्षांपूर्वी एका समारंभात एक बाई समोरून आली आणि तिने मला कडकडून मिठी मारली. शाळेतली मैत्रीण. चेहरा मी लगेच ओळखला; गालावरची खळी तशीच्या तशी होती. आम्ही दोन खुर्च्या ओढून कोपऱ्यात बसलो आणि अर्धा तास बोललो. वर्गातली भांडणं, कोण कुठे असतं, कुणाची मुलं केवढी झाली. निघताना ती म्हणाली, "तुझा नंबर दे ना, तूच टाक यात," आणि स्वतःचा फोन तिने माझ्या हातात दिला. मी नंबर टाकला. शेवटचा आकडा पडला आणि स्क्रीनवर आपोआप एक नाव उमटलं, कारण माझा नंबर तिच्याकडे आधीपासूनच होता. कुणाकडून तरी घेऊन तिने तो जपून ठेवला होता, तो असा: 'शाळेतली उंच, नाव विचारणे'.

मी ते वाचलं. मी वाचलं हे तिने पाहिलं. कानाच्या पाळ्यांपासून लाली चढत चढत तिच्या कपाळापर्यंत गेली. दोन-तीन सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग मला हसू फुटलं आणि मी सांगून टाकलं, "अगं, मलाही तुझं 'चिमणी' एवढंच आठवतंय. खरं नाव मी अर्धा तास शोधतेय!" त्यानंतर आम्ही ज्या हसलो, त्या हसण्याने आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

त्या आधीच्या अर्ध्या तासातलं मला आता फारसं आठवत नाही. त्यानंतरच्या दहा मिनिटांतलं सगळं आठवतं. हसू ओसरल्यावर डोळे पुसत ती म्हणाली, "आईला स्मृतिभ्रंश झालाय. मला एखादं नाव आठवलं नाही की घाम फुटतो. म्हणून मी कुणाला विचारतच नाही." बहाण्याने फोन पुढे करण्यामागे हे होतं. एवढं मोठं ओझं ती एकटी घेऊन फिरत होती, आणि ते उतरवायला जागा झाली ती फजितीमुळे. आज मी इथे बोलायला उभी आहे ती या दहा मिनिटांमुळे.

नावांचं आधी बोलू, कारण चाळिशी-पन्नाशीतली सगळ्यांत जास्त पंचाईत नावांनीच होते. 1966 साली हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी 'अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही' या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला. क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. शब्द येत नसला तरी त्याचं पहिलं अक्षर काय, तो केवढा लांब, हे माणसं बऱ्याचदा बरोबर सांगत. म्हणजे शब्द हरवलेला नसतो, दाराशी अडकलेला असतो. पुढे 1991 मध्ये डेबोरा बर्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वयाबरोबर हे अडकणं वाढतं, आणि अडकणाऱ्या शब्दांत विशेषनामांचा भरणा मोठा असतो.

का? एका प्रयोगाने हे फार छान उलगडलं. 1987 साली काही ब्रिटिश संशोधकांनी लोकांना चेहरे दाखवले आणि सोबत एकेक शब्द दिला. तोच शब्द काहींना आडनाव म्हणून सांगितला, काहींना व्यवसाय म्हणून. व्यवसाय लक्षात राहिला, आडनाव निसटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर समोरचा माणूस सुतारकाम करतो हे आठवतं, त्याचं आडनाव सुतार आहे हे आठवत नाही. शब्द तोच! पण सुतारकाम म्हटलं की रंधा येतो, लाकडाचा वास येतो, भुसा येतो. आडनावाला धरून यायला काहीच नसतं. ते एका बारीक धाग्याला लोंबकळत असतं.

हे मी मैत्रिणीला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. हेही सांगितलं की नाव अडकणं आणि रात्री भांडी आवरताना ते अचानक आठवणं हे या वयात सर्रास होतं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, रोजच्या वापरातली वस्तू कशाची हे कळेनासं झालं, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं आणि टाळाटाळ करायची नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "परवाचं नाव मला रात्री दोन वाजता आठवलं होतं."

आपल्या भाषेत दोन शब्द अगदी शेजारी राहतात: हसं आणि हसू. हसं होतं, हसू येतं. हसं इतर लोक करतात आणि आपण मध्ये उभे असतो. हसू आतून येतं आणि आपण त्यात इतरांना घेतो. घटना तीच असू शकते. मिठी मारणारी बाई तीच, फोन तोच, स्क्रीनवरची ओळ तीच. मी त्या क्षणी भुवया उंचावल्या असत्या तर तिचं हसं झालं असतं. फरक पडतो एवढ्याशा गोष्टीने, आणि मध्यमवयात ही गोष्ट पुन्हा पुन्हा आपल्या हातात येते. कधी आपण लाल झालेले असतो, कधी समोरचा.

भाषेचं निघालंच आहे तर 'चाळिशी' या शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. वयालाही चाळिशी आणि वाचायच्या चष्म्यालाही चाळिशी! कुणाला चाळिशी लागली म्हटलं की दोन्ही अर्थ एकदम लागू. ज्यांनी हा शब्द रुळवला त्या आपल्या पूर्वजांनी वर्षानुवर्षं माणसं हात लांब करून कागद वाचताना पाहिली असणार, आणि त्यांच्या डोळ्यांत चेष्टेपेक्षा माया जास्त असणार. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं, जवळचं बघायला त्याला फुगावं लागतं आणि ते फुगेनासं होतं. दहा वर्षांच्या मुलाला नाकापासून आठ-दहा सेंटिमीटरवरचं अक्षर स्पष्ट दिसतं. पंचेचाळिशीच्या आसपास तेच अंतर पंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडे जातं. पुढे हात पुरत नाही. हे राजाला होतं, रंकाला होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही होतं. तरी पहिला चष्मा घ्यायला माणसं वर्ष वर्ष लावतात, आणि तोवर सभेत चुकीची ओळ वाचतात, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर अंदाजाने लावतात. औषधाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. तिथे लाज परवडत नाही.

लाजेचं गणित आपलं फार चुकतं, आणि हे मोजून पाहिलेलं आहे. 2000 साली टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांबद्दल लिहिलं. एका विद्यार्थ्याला, घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला द्यायचा आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. मग विचारायचं, टी-शर्टावर कोण होतं हे कितीजणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात ते साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. आणि ज्यांच्या लक्षात येतं ते काय करतात? 1982 मध्ये सेमिन आणि मॅनस्टेड या दोघांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. दुकानात एका माणसाच्या धक्क्याने टॉयलेट रोलचा रचलेला ढीग कोसळतो. एका चित्रफितीत तो ओशाळतो, दुसरीत त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. बघणाऱ्यांना ओशाळणारा जास्त आवडला. डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर लिहिताना चेहरा लाल होण्याला एक अख्खं प्रकरण दिलं आणि सगळ्या हावभावांत हा सगळ्यांत मानवी, असं त्याला म्हटलं. माझ्या मैत्रिणीचा तो लाल चेहरा आठवला की मला हे पटतं. तो चेहरा पाहूनच तर ती मला जवळची वाटली.

आता माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट. तिची परवानगी घेऊन सांगते; 'नीट सांग' असंही तिने बजावलंय. ती एक ड्रेस घालून बघायला ट्रायल रूममध्ये गेली. घातला, खांद्यांत घट्ट, काढायला गेली तर निघेना. दोन्ही हात वर, ड्रेस डोक्यावरून अर्धा आलेला आणि कोपरांशी आवळलेला. चेहरा पूर्ण कापडाच्या आत. ती सांगते की आतून विणीतून दिव्याचे बारीक बारीक ठिपके दिसत होते आणि स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर परत येत होता. बाहेर सतरा वर्षांची मुलगी उभी. हिची हाक मारायची छाती होईना, कारण आदल्याच दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं. पाच मिनिटं ती तशीच उभी राहिली, हात वर करून. शेवटी अगदी बारीक आवाजात, कापडाच्या आतून, हाक मारली.

मुलगी आत आली. दाराला पाठ लावून उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "आई, शरण आलीस का?"

दोघी तिथल्या तिथे जमिनीवर बसल्या. बहीण अजून ड्रेसच्या आतच. हसण्याने अंग सैल पडलं आणि त्या सैलपणात मुलीने एक खांदा सोडवला, मग दुसरा. शिवण उसवली, ड्रेस विकत घ्यावा लागला. तो कपाटात आहे. घरात दोघींचं वाजलं की त्यांच्यापैकी कुणीतरी तो काढून पलंगावर पसरून ठेवतं, एवढंच.

मुलीने त्या वेळी फोटो काढला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. काढून मैत्रिणींना पाठवला असता तर हीच गोष्ट मी तुम्हाला सांगू शकले नसते. फजिती ज्याची, पहिलं हसू त्याचं, निदान त्याच्या संमतीचं, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे. कधी वेळ द्यावा लागतो. पीटर मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलं की मोठ्या आपत्तीत विनोद दिसायला काळाचं अंतर लागतं, पण किरकोळ ठेच ताजी असतानाच जास्त हसवते, पाच वर्षांनी तिच्यात काही उरत नाही. म्हणून छोट्या फजित्या साठवू नका, त्याच दिवशी घरी सांगा. आणि कुणाची नोकरी गेली, घर मोडलं, दुखणं आलं, तर त्याच्याआधी तुम्ही हसू नका. तो हसेल तेव्हा हसा.

शेवटची गोष्ट बोलू की नको, असा मी बराच विचार केला. बोलते. आम्ही सहाजणी सकाळी चालायला जातो. सगळ्या पंचेचाळीस ते साठच्या. एकदा चालता चालता कुणीतरी काहीतरी बोललं, विनोदही नव्हता. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोवाइन यांनी माणसांच्या गप्पांतली हजाराहून जास्त हसणी नोंदवली होती. त्यातली फार थोडी खऱ्या विनोदानंतरची होती, बाकी सगळी साध्या बोलण्यानंतरची. तसंच ते. आम्ही हसत सुटलो आणि आमच्यातली सगळ्यांत मोठी, अठ्ठावन्न वर्षांची, एकदम थांबली, पाय जुळवून उभी राहिली आणि म्हणाली, "हसवू नका गं मला. मी हसले की थेंब गळतात."

क्षणभर शांतता. मग दुसरी म्हणाली, "माझे शिंकताना." तिसरी म्हणाली, "खोकताना. मी तर गडद रंगच घालते." आणि आम्ही सहाजणी त्या रस्त्याच्या कडेला पाय जुळवून उभ्या राहून हसत होतो, आणि हसू नका असं एकमेकींना सांगत होतो.

त्यातल्या एकीनेही तोवर हे नवऱ्याला, बहिणीला, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. एक तर सात वर्षं लांबचा प्रवास टाळत होती. बाळंतपणं, वय, पाळी जाण्याच्या सुमाराचे बदल यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि हसण्या-खोकण्याचा दाब त्यांना पेलवत नाही. बायकांमध्ये हे अतिशय सामान्य आहे, आणि त्यावर पहिला उपाय शस्त्रक्रियेचा नसतो. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते ओळखायचे, आवळायचे, सोडायचे, आणि हे रोज करायचं, शिकवणारं कुणी असेल तर त्यांच्या देखरेखीखाली, निदान तीन महिने. पुरुषांचंही प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे रात्री पाच वेळा उठणं असतं, तेही असंच लपवलेलं. लपवण्यात वर्षं जातात.

त्या दिवशी आम्ही दोघी-दोघींनी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं, कारण एकटीने जायला अजूनही जड वाटत होतं. व्यायाम सुरू झाले. कुणी मध्येच सोडले, कुणी चिकाटीने धरले. अठ्ठावन्नची आमची ताई चिकाटीची. चार महिने झाले. परवा वळणावर असंच काहीतरी निघालं, सगळ्या हसायला लागलो आणि सवयीने थांबलो, तिच्यासाठी. ती थांबली नाही. हसत हसत पुढे चालत राहिली, आणि बरीच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आम्ही मागे उभ्या आहोत.