अंगठ्याला कुलूप

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं गणगोत तेलंगणात आहे, म्हणून आज तिकडचाच एक किस्सा.

2018 साल, पेद्दापल्ली जिल्हा. सिमकार्ड विकणारा एक माणूस. टार्गेट काही पुरं होईना. तेव्हा त्यानं जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरून लोकांचे दस्त उतरवून घेतले. दस्तावर काय असतं? नाव, आधार क्रमांक आणि शाईत ठळक उमटलेला अंगठा. कोर्टासमोर शिक्के करून देतात ना, तसलं रबरी शिक्क्याचं यंत्र त्यानं आणलं. कागदावरच्या अंगठ्याचा रबरी अंगठा केला, सिम चालू करताना ठसा घेतात त्या मशीनवर टेकवला, मशीननं मान्य केला. अशी हजारो सिमकार्डं चालू झाली. ज्यांच्या नावावर झाली, त्यांना पत्ताही नाही! आपल्या विड्या वळणाऱ्या मावशींचं बोट झिजलेलं; रेशन दुकानात चारचारदा टेकवूनही लागत नाही. रबराचं मात्र चाललं.

आता नीट ऐका. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आणि आधारवरून बँकेतले पैसे काढायला ओटीपी लागत नाही, अंगठा पुरतो. म्हणून त्याला कुलूप घाला. माय-आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, तिथं बायोमेट्रिक लॉक करा. मग बोट, डोळा, चेहरा, काहीच चालत नाही. रेशनला, हयातीच्या दाखल्याला जाताना तात्पुरतं उघडा. 10 मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. उघडायला विसरलात तर मशीन 330 असा आकडा दाखवतं. घाबरू नका, कुलूप लागलंय एवढाच त्याचा अर्थ.

अडतं कुठं? ओटीपीवर. आई सोलापुरात, आधारला नंबर पुण्यातल्या लेकाचा, आणि लेक कामावर. घरातल्या प्रत्येक बाईचा स्वतःचा नंबर तिच्या आधारला असलाच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे. नुसत्या आधारसाठी नाही, सगळ्याच व्यवहारांसाठी. नंबर आधार केंद्रात बदलून मिळतो, तेवढी एक चक्कर मारा.

झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि काम आडवं लिहा, अक्षरं छापील मजकुरावरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. बिघडलेली प्रत दुकानात टाकून येऊ नका. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच ‘माझा नाही’ म्हणून कळवा. आधार कुठं कुठं वापरलं गेलं, त्याची मागच्या 6 महिन्यांची नोंद माय-आधारवर मिळते.

आणि पैसे गेलेच, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पुन्हा सांगतो, एक नऊ तीन शून्य. लगेच बँकेत लेखी तक्रार द्या, 3 कामकाजाच्या दिवसांच्या आत, आणि पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.