तुटका पाना आणि काउंटरपलीकडचा माणूस

[दृश्य : दुकानाचं काउंटर. कडा घासून गुळगुळीत झालेल्या. एक हात फडक्यात गुंडाळलेली वस्तू ठेवतो. फडकं उलगडतं.]

निवेदन :
फडक्यात निघालं रॅचेट. गोटीपान्याची मूठ, म्हणजे नटावर बसणारी नळीसारखी ‘गोटी’ जिच्या टोकाला लावतात ती. बरीच वर्षं वापरातलं आहे, हे सांगायला लागत नाही. क्रोमचा मुलामा कडांवरून उडालाय, मुठीच्या खाचांमध्ये काळं ग्रीस बसून दगड झालंय. चांगलं रॅचेट एका बाजूला कट्‌कट्‌ करत मोकळं फिरतं आणि दुसऱ्या बाजूला नटाला घट्ट धरतं. हे मात्र दोन्हीकडे नुसतंच फिरतंय.

आणणाऱ्याकडे बिल नाही. खोका केव्हाच रद्दीत गेला. पुरावा म्हणाल तर मुठीवर कोरलेलं कंपनीचं नाव, तेही अर्धं झिजलेलं. आणि एक वाक्य, जे त्याला पक्कं आठवतंय : ‘आजीवन वॉरंटी’.

काउंटरपलीकडचा माणूस अजून काहीच बोललेला नाही. त्याने रॅचेट उचललं, अंगठ्याने डोकं फिरवलं आणि कानाजवळ नेलं. डॉक्टर छाती तपासताना थांबतो, तसा तो क्षणभर थांबला.

आमची फिल्म या थांबण्याबद्दल आहे.

[दृश्य : उघडलेल्या रॅचेटचं डोकं, अगदी जवळून.]

निवेदन :
मागचे दोन स्क्रू काढले की आत काय असतं? एक दातेरी चक्र, त्या दातांत अडकणारी खिटी, आणि खिटीला दाताकडे ढकलत ठेवणारी इवलीशी स्प्रिंग. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जे चालतं तेच इथे, फक्त जोर कितीतरी जास्त. चक्राला 36 दात असतील तर पुढचा दात पकडायला मूठ 10 अंश मागे न्यावी लागते. 72 दात असतील तर 5 अंश पुरतात. इंजिनाच्या कोपऱ्यात, जिथे कोपर हलवायलाही जागा नसते, तिथे या 5 अंशांची किंमत कळते. पण दात बारीक झाले की त्यांच्यात बसणारी घाणही बारीक चालते. वाळूचा एक कण आत गेला, खिटी पूर्ण खाली बसली नाही, आणि नेमका त्याच वेळी माणसाने सगळा भार टाकला, की दाताची टोकं उडतात.

घाण अडकलेल्या रॅचेटचा आवाज भरड आणि दबका येतो. दात उडालेल्याचा आवाज तुटक येतो, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा. काउंटरवरचा माणूस कान लावून तेच ऐकत होता. पहिलं असेल तर केरोसीनमध्ये धुऊन दोन थेंब तेल सोडलं की काम झालं, वॉरंटीचा प्रश्नच येत नाही. दुसरं असेल तरी बऱ्याच कंपन्या अख्खं रॅचेट बदलून देत नाहीत. चक्र, खिटी आणि स्प्रिंग एवढ्याची छोटी पुडी देतात. मूठ तीच राहते. ग्राहकाला आधी ते थोडं फसवल्यासारखं वाटतं. नवीन चकचकीत मिळणार म्हणून आलेला असतो ना.

(एक सूचना : हे घरी उघडणार असाल तर ताटात उघडा. ती स्प्रिंग उडाली की परत दिसत नाही.)

[दृश्य : जुन्या गोट्यांचा संच, पेटीत ओळीने लावलेला.]

निवेदन :
तुटलेलं हत्यार दुकानात न्यायचं आणि बदलून आणायचं, ही कल्पना आली कुठून? तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. सुट्या भागांची मापं सारखी असल्याशिवाय काहीच बदलून देता येत नाही. 1920 साली अमेरिकेत स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली ती याच कल्पनेवर. तोवर बहुधा एका गोटीला एक मूठ कायमची जोडलेली असायची. त्यांनी पाच मुठी आणि दहा गोट्या वेगवेगळ्या विकायला काढल्या, कुठलीही मूठ कुठल्याही गोटीला बसेल अशा. आज अर्धा इंच चौकोनी टोकाच्या रॅचेटवर जगातल्या कुठल्याही कंपनीची अर्धा इंची गोटी बसते, आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही.

1927 मध्ये सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने ‘क्राफ्ट्समन’ हे नाव नोंदवलं. पुढे कित्येक दशकं या हत्यारांच्या हमीची गोष्ट तिथल्या बापाने मुलाला सांगितली : मोडलं तर दुकानात घेऊन जा, नवं घेऊन ये. बिल कोणी विचारत नसे. तिथल्या गॅरेजवाल्यांच्या पेट्या या एका वचनावर भरल्या.

मग 2017 मध्ये सिअर्सने हे नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकर कंपनीला विकलं, आणि 2018 च्या ऑक्टोबरात सिअर्स स्वतःच दिवाळखोरीत गेलं. हत्यारं पेटीत शाबूत होती. ज्या काउंटरवर ती बदलून मिळायची त्या दुकानांचे दरवाजे मात्र एकेक करून बंद होऊ लागले. नव्या मालकाने हमी पुढे चालू ठेवली, पण लोकांना आधी नवं काउंटर शोधावं लागलं.

तेव्हा ‘आजीवन’ म्हणजे कोणाचं जीवन? हत्यार घेणाऱ्याचं, हत्याराचं, की कंपनीचं? वॉरंटीचा कागद नीट वाचला तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं सापडतं. काही ठिकाणी हमी पहिल्या ग्राहकापुरतीच असते. वडिलांचा पाना मुलगा घेऊन आला तर नियमाने ती संपलेली. काही ठिकाणी ती ‘उत्पादनाच्या अपेक्षित आयुष्याइतकी’ असते, आणि ते आयुष्य किती हे कंपनीच ठरवते. ही दुसरी शब्दरचना मला नेहमी गमतीची वाटते. माणूस गेला की त्याचं आयुष्य तेवढंच होतं म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

[दृश्य : काउंटरवर मांडलेली मोडकी हत्यारं. कॅमेरा एकेकावरून सरकतो.]

निवेदन :
वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते. झीज आणि चुकीचा वापर तिच्यात येत नाहीत. कागदावर ही रेघ ठळक दिसते. काउंटरवर ती पुसट होते, कारण तिथे समोर असतो फक्त मोडलेला तुकडा आणि ‘मी काहीच केलं नाही’ म्हणणारा माणूस.

मग तुकडा वाचावा लागतो.

हा स्क्रूड्रायव्हर बघा. टोक पिळवटलंय, जिलबीच्या वेढ्यासारखं. म्हणजे तो फिरवताना गेला. पोलाद कमी कडक निघालं असेल किंवा जोर जास्त झाला असेल, यावर वाद घालता येतो. आता हा दुसरा. याच्या मुठीच्या मागच्या टोकाला हातोडीचे घाव आहेत. प्लॅस्टिक फुटून फुलासारखं उमललंय. याची छिन्नी झाली होती. इथे वाद संपला.

ही गोटी उभी चिरलीय, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत. चकचकीत क्रोमची आहे. हाताने फिरवायच्या गोट्यांचं पोलाद कडक असतं आणि भिंत पातळ. हवेच्या दाबावर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनवर लावायच्या गोट्या वेगळ्या, काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या, जराशा मऊ पोलादाच्या. त्या ठोके पचवतात. क्रोमची गोटी गनवर लावली की ती आज ना उद्या चिरते, आणि चिरताना तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो. ती बदलून द्यायला नकार देणारा माणूस कंजूषपणा करत नसतो. तीच गोटी परत हातात दिली तर ती परत गनवरच जाणार, हे त्याला ठाऊक असतं.

आता टेप. मोजायची टेप परत घेऊन येणाऱ्यांत एक तक्रार हमखास असते : ‘टोकाचा हुक ढिला आहे, हलतो.’ तो हलायलाच हवा. हुकाच्या पत्र्याची जेवढी जाडी, तेवढाच तो मागेपुढे सरकतो. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की तो बाहेर येतो, आणि भिंतीला टेकवून आतलं माप घेताना तेवढाच आत जातो. दोन्हीकडे माप बरोबर येतं. चांगली टेप ‘दुरुस्त’ करायला म्हणून त्या हुकाची रिबीट ठोकून घट्ट करणारे लोक आहेत. तिथपासून त्या टेपची सगळी मापं चुकत जातात, आणि दोष टेपचा ठरतो.

काही हत्यारं या आजीवन प्रकारात सहसा बसतच नाहीत. करवतीची पाती, ड्रिलचे बिट ही झिजण्यासाठीच असतात. ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळणाऱ्या टॉर्क पान्याचंही तसंच. तो मोडत नाही, त्याचं माप हळूहळू ढळतं. आयएसओ 6789 या मानकात त्याची तपासणी 12 महिन्यांनी किंवा 5000 वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, करायला सांगितली आहे. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची असते. ती तशी ठेवणारे मला फार कमी भेटले.

विजेच्या हत्यारांची तर दुनियाच निराळी. ड्रिल मशीनवर काही वर्षांची हमी असते, तिच्या बॅटरीवर बहुधा त्याहून कमी. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि पूर्ण उतरवून वर्षभर माळ्यावर टाकली तर कित्येकदा परत उठतच नाही. ही मशीन काउंटरवर उघडत नाहीत, सर्व्हिस सेंटरला जातात. तिथून पुढे असतात फॉर्म, पावती क्रमांक आणि वाट पाहणं.

[दृश्य : काउंटरपलीकडून दिसणारी रांग. चेहरे नाहीत, फक्त हात आणि हातातल्या वस्तू.]

निवेदन :
कायदा यात किती येतो, हे देशादेशावर आहे. युरोपीय संघात वस्तू सदोष निघाली तर निदान 2 वर्षं विकणाराच जबाबदार असतो. ‘कंपनीला विचारा’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. अमेरिकेत 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’, हे स्पष्ट लिहायला लावतो. पण आजीवन हमी ही कंपनीने आपणहून दिलेली असते, आणि ती पाळायचं काम येतं दुकानातल्या माणसावर, ज्याने ती दिलेली नसते.

त्याची अडचण समजून घ्या. मोडका पाना घेऊन त्याने नवा दिला, तर मोडका पाना कंपनीला पाठवून त्याची भरपाई त्यालाच मागायची असते. कंपनीने ‘चुकीचा वापर’ असा शेरा मारून तो परत केला, तर नव्या पान्याचा भुर्दंड दुकानाला. शिवाय समोर येणारा प्रत्येक जण साधा भोळा नसतो. भंगाराच्या ढिगातून मोडके पाने वेचायचे, ते बदलून घ्यायचे आणि नवे विकायचे, असा धंदा करणारेही असतात. म्हणून बिल मागतात, फोटो मागतात, एका वेळी इतकेच म्हणून सांगतात. त्या नियमांचा जाच मग वडिलांचा पाना घेऊन आलेल्या मुलाला होतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. चाकाचा एक नट गंजून बसला होता. रॅचेटने हलेना, म्हणून मुठीवर पाईप चढवला आणि त्यावर जवळजवळ उभाच राहिलो. नट तसाच राहिला, रॅचेट गेलं, आणि बोटांची सालटी निघाली ती वेगळी. दुसऱ्या दिवशी बँडेज बांधलेल्या हाताने ते काउंटरवर ठेवून मी म्हणालो, ‘नुसतं हाताने फिरवत होतो हो. अचानकच गेलं.’

पलीकडच्या गृहस्थांनी मुठीवरून बोट फिरवलं. मध्यावर एक बारीकसा वाक होता, डोळ्यांना न दिसणारा, बोटाला लागणारा. शेवटाला पाईपच्या कडेने पाडलेला गोल ओरखडा होता. त्यांनी वर बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि विचारलं,

‘पाईप केवढा होता?’

मी हात पसरून दाखवला. मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं.

बदलून मिळालं नाही. मिळायला नकोच होतं. पण त्यांनी मला तसंच परत पाठवलं नाही. खालच्या कप्प्यातून एक लांब दांडा काढून समोर धरला. त्याच्या टोकाला फक्त चौकोन, आत ना दात ना खिटी. म्हणाले, ‘बसलेला नट आधी याने हलवायचा. हलला की मग रॅचेट. आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा.’ मी तो दांडा विकत घेतला. नट सुटला. तेव्हापासून सगळी हत्यारं मी त्याच दुकानातून घेत आलोय. एका नकाराने त्यांना इतकी वर्षं टिकलेला ग्राहक मिळाला, आणि तो खोटं बोलून आलेला होता.

[दृश्य : पुन्हा पहिलं काउंटर. रॅचेटचं डोकं उघडं. शेजारी छोटी प्लॅस्टिकची पुडी.]

निवेदन :
फडक्यातलं ते रॅचेट. चक्राचे तीन दात उडालेले निघाले, सलग तीन. मूठ सरळ होती. पाईपची खूण कुठेही नव्हती. आतलं ग्रीस काळं आणि कोरडं पडलेलं, म्हणजे आणणाऱ्याने ते आयुष्यात कधी उघडलं नव्हतं, पण मारलंही नव्हतं.

बिल कोणी मागितलं नाही.

पुडीतलं नवं चक्र बसलं, खिटी बसली. स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर ठेवताना काउंटरवरच्या माणसाने श्वास रोखला होता, हे आम्हाला चित्रीकरण नंतर बघताना दिसलं. तेलाचा एक थेंब. दोन स्क्रू. मग त्याने ते कानाजवळ नेलं आणि एकदा गोल फिरवलं.

[आवाज : कट् कट् कट् कट् कट्.]

त्याने रॅचेट त्याच फडक्यात गुंडाळून दिलं. जुनं चक्र मात्र आणणाऱ्याने मागून घेतलं, खिशात टाकलं आणि तो गेला.

रांगेतली पुढची बाई टेप घेऊन आली होती. म्हणाली, ‘याचा हुक हलतोय.’

[पडदा काळा.]