कोठीतला फोन

(अमळनेर तालुक्यातल्या एका गावी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात केलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आखाजीला माहेरी आलेल्या लेकींनो, त्यांच्या आयांनो, आणि मागे दाराशी उभे असलेल्या दादा-काकांनो,

झोके सोडून तुम्ही इथे आलात, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. एका फोनची गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला होता. ओटीपी ज्या नंबरवर येणार, तो फोन तिच्याजवळ नव्हता. "मॅडम, मन्हा मोबाईल लई लिधा," माझा मोबाईल काढून घेतला, एवढंच म्हणाली आणि डोळे भरून आले. मग हळूहळू कळलं. तिचा नंबर कुठून तरी एका मुलाच्या हाती लागला होता. आधी 'हाय', मग 'फोटो टाक', मग रात्री साडेअकराला कॉल. तिनं पंधरा दिवस सोसलं आणि आईला सांगितलं. आईनं वडिलांना सांगितलं. वडिलांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो गव्हाच्या कोठीत ठेवून दिला.

मी घरी गेले तेव्हा आईनं कोठीचं झाकण काढून दाखवलं. गव्हावर फोन पालथा पडलेला. बँकेचा मेसेज आला तर कळावा म्हणून त्या माउलीनं दर दोन दिवसांनी तो चार्जसुद्धा केला होता. मी उलटा करून पाहिला, तर त्याच नंबरचे सत्तेचाळीस मिस्ड कॉल. म्हणजे मुलीचा फोन गेला, मैत्रिणी तुटल्या, फॉर्म अडला. आणि तो मात्र रोज रात्री निवांत कॉल लावत होता. त्याला काहीच अडलं नव्हतं.

तो नंबर ब्लॉक करायला मला एक मिनिटही लागलं नाही.

त्या दिवसापासून मी जिथे जाईन तिथे हेच सांगते: बंद करायचं ते त्या माणसाला. आपण पोरीलाच बंद करून बसतो. वडील वाईट नव्हते. घाबरले होते. 'लोके काय म्हनतीन' या भीतीपुढे आपल्याकडची भली भली माणसं वाकतात. पण त्या घरातल्या धाकट्या बहिणीनं हे सगळं पाहिलं. ती काय शिकली? सांगितलं की फोन जातो. उद्या तिला कुणी धमकावलं तर ती कुणालाही सांगणार नाही. मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते.

आता ब्लॉक म्हणजे नेमकं काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण इथे बराच गोंधळ आहे. फोनमध्ये नंबर ब्लॉक केला की त्या सिमवरून येणारे साधे कॉल आणि मेसेज थांबतात. व्हॉट्सॲप थांबत नाही. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं तर साधा कॉल चालूच राहतो. इन्स्टाग्राम आणखी वेगळं. घराला पुढचं दार आहे, परसदार आहे, गोठ्याकडचं आहे. एकाला कडी लावून बाकीची उघडी ठेवली तर काय उपयोग? सगळीकडे लावावी लागते.

व्हॉट्सॲपवर ब्लॉक केल्याची सूचना त्या माणसाला जात नाही. त्यानं मेसेज पाठवला तर त्याला एकच टिक दिसते, दुसरी येत नाही. तुम्ही कधी ऑनलाइन होता ते दिसत नाही, तुमचं स्टेटस दिसत नाही, तुम्ही नवा फोटो लावला तर तोही दिसत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: तुम्ही दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल, तर तिथे त्याचे मेसेज तुम्हाला आणि तुमचे त्याला दिसत राहतात. ग्रुपमध्ये लिहिताना याचं भान ठेवा, नाहीतर ग्रुपच सोडा. २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त ॲडमिनला जाते. आणि कुणीही उठून आपल्याला ग्रुपमध्ये ओढतो, तेही थांबवता येतं. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. ही सोय २०१९ पासून आहे. अनोळखी नंबरचे व्हॉट्सॲप कॉल वाजूच नयेत अशीही सोय त्याच प्रायव्हसीत, कॉल्समध्ये आहे.

आता क्रम. हा भाग लेकींनी लिहूनच घ्या. राग आला की आपण सगळं पुसून टाकतो आणि मग ब्लॉक करतो. पुसलं की पुरावा गेला. आधी त्याला एकदाच, एका ओळीत, स्पष्ट लिहा: 'मला मेसेज किंवा कॉल करू नका.' शिवी नको, खुलासा नको, 'प्लीज' तर नकोच. हे लिहायचं कारण कायद्यात आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७८ प्रमाणे, बाईनं नकोय हे स्पष्ट दाखवूनही पुरुष पुन्हापुन्हा संपर्क करत असेल, किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवत असेल, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. तुमची ती एक ओळ म्हणजे 'स्पष्ट दाखवलं' याचा कागद. मग स्क्रीनशॉट, नंबर, तारीख आणि वेळ दिसतील असे. ते आईच्या, भावाच्या, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या फोनवर पाठवून ठेवा. त्यानंतर रिपोर्ट करा; व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि त्याला ते कळत नाही. आणि मग ब्लॉक. पुन्हा नव्या नंबरवरून आलाच, तर पोलीस ठाणं. मुलगा सुरतचा असो की नाशिकचा, तक्रार तुमच्या जवळच्या ठाण्यातही घ्यावी लागते. सायबर क्राइमचं सरकारी पोर्टलही आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर क्षणभरही न थांबता १९३० या नंबरवर फोन करा.

आता अवघड गोष्टीकडे येते. अनोळखी पोराला ब्लॉक करणं सोपं आहे. ओळखीच्याचं काय?

माझ्या सासरच्या भाऊबंदांतले एक गृहस्थ रोज सकाळी सुविचार पाठवायचे. मग 'डीपी छान आहे' आलं. मग रात्री 'झोपली का?' मी पोरींना कॉम्प्युटर शिकवते, आणि तरीही तीन महिने गप्प राहिले. कारण श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला ते समोर पंगतीत बसणार होते. वयानं मोठे, त्यांच्या पाया पडायचं. माझं मन म्हणत होतं, दुर्लक्ष कर, आपणच मोठं करतोय. एका रात्री पुन्हा तोच मेसेज आला. मी फोन नवऱ्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अजून ठेवलास कशाला?" तेव्हाच ब्लॉक केलं. कानबाईला ते आले, पंगतीत बसले, रोट खाल्ले आणि गेले. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. ज्या प्रसंगाला मी तीन महिने भीत होते, तो असा सरून गेला. मान पंगतीत द्यायचा असतो. रात्री साडेदहाला माझ्या उशाशी येण्याचा हक्क त्यात येत नाही.

ज्यांना इतकं टोक गाठायचं नसेल, त्यांच्यासाठी मधली वाट आहे. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात छोटी दिंडी असायची ना, तशी. म्यूट केलं की माणूस राहतो, आवाज जातो. फेसबुकवर कुणाच्या पोस्टना तीस दिवसांची विश्रांती देता येते. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' आहे. त्यानं तुमच्या पोस्टवर काही लिहिलं तर ते तुम्ही मान्य करेपर्यंत फक्त त्याला आणि तुम्हालाच दिसतं. नणंदेच्या टोमण्यांना ते पुरेसं आहे. छळणाऱ्याला दिंडीसुद्धा नको.

फोटोच्या धमकीबद्दल बोललंच पाहिजे. 'तुझे फोटो पसरवीन' असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका, आणखी फोटो तर मुळीच देऊ नका. तशा फोटोंसाठी स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सोय आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही; त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कुणी तिथे टाकायला गेला, तर ठसा जुळतो आणि तो अडवता येतो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी. त्याहून लहान मुलींसाठी 'टेक इट डाऊन' नावाची तशीच सोय आहे. हे एका मुलीला सांगितलं तेव्हा तिनं मला तीनदा विचारलं, "नक्की फोटो कुणाला दिसत नाही ना?" नाही दिसत.

रील आणि व्हिडिओंबद्दल थोडक्यात. नको ते पुढे आलं की थांबून बघू नका. थांबलात की ते आणखी येतं. तीन टिंबांवर दाबा, 'नॉट इंटरेस्टेड' करा, यूट्यूबवर तो चॅनेलच पुन्हा सुचवू नको असं सांगा. चार-पाच दिवस हे केलंत तर फरक दिसेल.

काकांनो, एक तुमच्यासाठी. तुमचा फॉरवर्ड खोटा आहे असं कुणी सांगितलं म्हणून त्याला ब्लॉक करू नका. आणि जे पदावर आहेत त्यांनी, पाणी का आलं नाही असं विचारणाऱ्या माणसाला गावाच्या ग्रुपमधून काढू नका. घराच्या दाराला कडी लावायचा हक्क तुमचा आहे. चावडीचं दार तुमचं एकट्याचं नाही.

त्या मुलीचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला. फोन वडिलांनीच तिच्या हातात दिला. आठवड्यानं ते कॉलेजात आले, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि म्हणाले, "मॅडम, कर्ज देतो म्हणून एक जण रोज लिंक पाठवतो. याचंबी करून द्या." मी त्यांना करून दिलं नाही. त्यांच्याच बोटानं करायला लावलं.

आता सगळ्यांनी फोन बाहेर काढा. आधी ग्रुपचं सेटिंग करू. ज्यांना चारचौघांत विचारायची भीड वाटते, त्यांच्यासाठी मी अंधार पडेपर्यंत मागच्या खोलीत बसणार आहे. चार्जर आणलाय. नाव सांगू नका, नातं सांगू नका. नुसता फोन पुढे करा.