मानेवरचा मळ

(बाथरूम. बादली, तांब्या. एका मुलाची पाठमोरी मान.)

वर्षभर आम्ही त्याला मळच समजत होतो. कधी बेसन-हळद, कधी लिंबू, कधी नुसता काथ्या, घासून घासून मान लाल व्हायची, पोरगा रडायचा, आई दुखतंय गं, पण तो काळपट पट्टा काही जायचा नाही. एकदा तापासाठी म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तर डॉक्टरांनी ताप बघून झाल्यावर कॉलर खाली केली, मानेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, याचं वजन शेवटचं कधी केलं होतं?

वय साडेसहा. वजन 29 किलो. उंची 119 सेंटीमीटर. म्हणजे उंचीच्या मानाने वजन बरंच जास्त.

मान अशी काळी, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागायला लागली तर बऱ्याचदा ती जास्तीच्या वजनामुळे शरीरात इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या रसाचं, काम नीट होत नसल्याची खूण असते, घासून जाणारी गोष्टच नाही ती. मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असावं म्हणून सुरुवात इथून केली.

(जुने फोटो. पाळणा. बारशाचा दिवस.)

हा जन्मला तेव्हा 2 किलो 400 ग्रॅम. घरात सगळ्यांना एकच ध्यास, बाळाला बाळसं आलं पाहिजे. आलंही, वर्षात वजन तिपटीपेक्षा जास्त झालं, जे साधारण सगळ्याच बाळांचं होतं. पण पुढे काय होतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या वर्षी वजन जेमतेम अडीच किलोने वाढतं आणि त्यानंतर वर्षाला दोन किलोच्या आसपास, म्हणजे वाढीचा वेगच मंदावतो, मग भूक कमी होणारच ना! शिवाय पहिल्या वाढदिवसानंतर पाच-सहा वर्षांपर्यंत मुलं उंचीच्या मानाने सडसडीत होत जातात, ती रीतच आहे. बाळसं उतरायचंच असतं. आम्ही मात्र "वाळला गं पोरगा" म्हणत घाबरलो आणि भरवत सुटलो.

कसं भरवलं तेही सांगते. पूर्वी खिडकीत नेऊन एक घास चिऊचा, एक घास काऊचा करायचे, आमच्याकडे चिऊ-काऊ मोबाईलमध्ये होते. तोंड उघडं, डोळे स्क्रीनवर, घास आत. त्याला कळायचंच नाही आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं. वरून दिवसाला तीन ग्लास दूध, त्यात दोन चमचे पावडर आणि एक चमचा साखर. आणि मधेमधे बिस्किटं, "जेवला नाही ना, निदान बिस्किट तरी खाऊ दे".

(पुण्याजवळचं एक गाव. सकाळ.)

इथे आपल्या पुण्याचीच एक गोष्ट सांगायला हवी. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं पोटाला, दंडाला बारीक, स्नायू कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच! दिसायला बारीक, आतून चरबी. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होते, कारण बारीक जन्मला म्हणून आम्ही त्याला जे ठासून भरवलं, त्याने स्नायू नाही, चरबीच वाढवली होती.

पण म्हणून उद्यापासून मुलांचं खाणं कमी करू नका प्लीज. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 100 पैकी 36 मुलं वजनाने कमी निघाली आहेत, त्यांना जास्तच अन्न हवंय. आपलं मूल कुठे आहे ते शेजारणीच्या नजरेने नाही कळत. अंगणवाडीच्या कार्डावरचा आलेख बघा, वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या. रेषा आडवी झाली किंवा एकदम वर चढली, तर डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी आम्हाला डाएट दिलंच नाही. म्हणाले, वजन उतरवायचं नाही, नुसतं थांबवायचं, उंची वाढू दे.

मग मोबाईल जेवताना बंद. पहिले चार-पाच दिवस भयंकर गेले, खोटं कशाला बोलू. दूध दोन कप, बिनसाखरेचं. खाऊ म्हणजे केळं, शेंगदाणे, उकडलेलं अंडं, थालीपीठ. ताटात काय वाढायचं आणि किती वाजता ते आम्ही ठरवणार, किती खायचं ते तो. संध्याकाळी दोन तास खाली खेळायला, साडेनऊला दिवे बंद. आणि तो एकटाच नाही, सगळं घर तेच खाणार, त्याच्यासमोर फरसाणाचा डबा उघडायचा नाही. "जाड्या" हा शब्द घरात बंद, पाहुण्यांनाही सांगितलं.

वर्षभरात उंची 6 सेंटीमीटर वाढली, वजन 1 किलो. मान आता बरीच उजळलीय.

(स्वयंपाकघर. रात्रीचे आठ.)

ही धाकटी, साडेतीन वर्षांची, 14 किलो 200. आलेखावर छान चाललीय, पण आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, ती हडकुळी दिसते. त्यांचा दोष नाही, त्यांनी टंचाईचे दिवस पाहिलेत, ताटात उरलेलं त्यांना बघवत नाही.

परवाचंच शूट आहे हे. बघा, ती ताट पुढे सरकवतेय. "पोट भरलं." वरण-भाताचे दोन घास उरलेत, तूप थिजलंय. आईंचा हात सवयीने घास कालवायला पुढे गेला. थांबला. आता त्या तिच्याकडे बघतायत, आणि ताट स्वतःकडे ओढून ते दोन घास स्वतःच खातायत.